होतो का नोतो?

नोतो नावाचा प्रदेश जपानात आहे, हे आमच्या गावाला कधी मान्यच झालं नाही. अडचण भूगोलाची नव्हती, बोलीची होती. मोताळा तालुक्यात 'मी नोतो' याचा एकच अर्थ होतो : मी तिथे नव्हतो. आणि माझे घरमालक चारचौघांत छाती काढून सांगायचे, "मी तीन महिने नोतोत होतो."

झालं. पारावरचं कोणीतरी हमखास म्हणायचं, "होतो का नोतो, एक कायतरी सांग ना बे!"

मग हशा. मालक हशा संपेपर्यंत शांतपणे थांबायचे आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करायचे. त्यांच्या चेहऱ्यावर राग कधी दिसला नाही. पाऊस थांबायची वाट बघत वळचणीला उभा राहिलेला माणूस जसा दिसतो, तसे ते दिसायचे.

गाव त्यांना जपानभाऊ म्हणायचं. मी नुसतं भाऊ म्हणायचो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पुण्यात शिकून, मराठी शिकवायला त्या गावच्या नव्या हायस्कुलात रुजू झालो होतो. धामणगाव बढ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि या भागात शुद्ध मराठी पोचवण्याचं काम आपल्याकडे आलं आहे, असं मला मनापासून वाटत होतं. हे मी आज हसण्यावारी नेत नाही. पुढचं सगळं त्या वाटण्यातूनच घडलं.

खोली मिळाली ती भाऊंच्या घरात. भाऊ चाळिशीचे, काटक, वांगी-मुळा-मिरची पिकवणारे. मी येण्याच्या तीन वर्षं आधी सरकारनं काही शेतकऱ्यांना जपानची शेती शिकायला पाठवायचं ठरवलं होतं आणि एक जागा आमच्या भागाच्या वाट्याला आली होती. मोठ्या घरच्या पोरांची नावं निघाली, तशा त्यांच्या आयांनी रडून घर डोक्यावर घेतलं. भाऊंची आई आधीच वारलेली. बायको पोटुशी होती. ती म्हणाली, "जा. पन लेकरू व्हायच्या आत ये." भाऊ पोळा झाल्यावर मलकापूरहून गाडीत बसले, मुंबईहून बोटीत बसले, आणि संक्रांतीच्या आत घरी हजर झाले. मुलगी झाली माघात. एवढा शब्दाचा पक्का माणूस, आणि गाव त्याला थापाड्या समजत होतं.

जपानहून येताना भाऊंनी वस्तू फारशा आणल्या नव्हत्या. सवयी मात्र आणल्या होत्या.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात त्यांचं दुकान लांबून ओळखू यायचं. मुळे धुतलेले, लांबीप्रमाणे लावलेले, पाच-पाचांची जुडी, वर तणसाची गाठ. वांगी देठ एका दिशेला करून ठेवलेली. गिऱ्हाईक आलं की भाऊ कमरेत वाकायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, यांचं काहीतरी खाली पडलं. एकदा एक म्हातारी त्यांच्याबरोबर वाकून जमिनीवर शोधायला लागली होती.

"काय पडलं रे बाप्पा?"

"काई नाई माय. तुले नमस्कार केला."

"मंग हात जोड ना. अंगात आल्यासारखं काऊन करतं?"

दुसरी सवय वेळेची. भाऊंच्या डोक्यात सतत दोन घड्याळं चालायची. सकाळी आठला मी शाळेत जायला निघालो की ते मळ्यातून परतत असायचे आणि सांगायचे, "आता तिकडे साडेअकरा झाले गुर्जी. बाया बाजार आवरून राह्यल्या असतीन." तिकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात सकाळचा बाजार सगळा बायकाच भरवतात. कोणी पहाटे धरलेली मासळी घेऊन बसते, कोणी डोंगरातल्या अळंब्या. गिऱ्हाइकाला हाका मारमारून बोलावतात आणि घ्यायला लागलं की उगाच दोन जास्तीच्या टाकतात. "आपल्या मोताळ्यासारखंच," भाऊ म्हणायचे, "फक्त शिव्या नाईत."

तिसरी सवय काड्यांची. तुरीच्या तुराट्या तासून त्यांनी हातभर लांबीच्या दोन काड्या केल्या होत्या आणि त्या काड्यांनी ते तव्यावरच्या मिरच्या उलटायचे. वहिनींनी आधी त्या दोनदा चुलीत घातल्या. मग एकदा हात भाजला, तेव्हा गुपचूप स्वतः वापरून पाहिल्या, आणि त्यानंतर त्या काड्या वहिनींच्याच झाल्या. तरी नोतोचं नाव निघालं की त्या नाक मुरडायच्या. मला म्हणायच्या, "गुर्जी, मले तं ते गाव नाई, सवत वाटते. जेवताना आठवन, झोपताना आठवन. एखांद्या दिवशी मी पन जाऊन तिले पाहून येतो."

"चाल ना," भाऊ आतून म्हणायचे. "तिले पन तुले पाहाचं हाय."

सांगण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मला पुढे भेटला नाही. समुद्र न पाहिलेल्या माणसांना त्यांनी समुद्र एका वाक्यात दाखवला होता : "नळगंगेले पूर आला समज, अन् पल्याडचा काठच नाई." तिकडे घराघराच्या वळचणीला शरदात फळांच्या माळा वाळत टांगलेल्या असतात. टेंभुर्णीच्या जातीच्या त्या फळाला भाऊ म्हणायचे, "टेंबरं हायेत रे. आपल्या डोंगरातलंच टेंबरं, पन वांग्याएवढं. कच्चं खाल्लं तं जीभ सोलते, वाळवलं तं गूळ." मासे मिठात मुरवून वर्ष-वर्ष ठेवतात आणि त्याचं काळं पाणी कालवणात घालतात, ते सांगताना ते आधी नाक धरायचे. "झाकन उघडलं का वाटते, कोठ्यात उंदीर मेला. पन मुळ्याच्या रस्स्यात दोन थेंब पडले का माणूस ताट चाटते."

मिठाची गोष्ट त्यांच्या विशेष आवडीची. ज्या घरी ते राहायचे तिथला म्हातारा उन्हाळ्यात समुद्रकाठी मीठ करायचा. भाऊ पोचले तेव्हा हंगामाचे शेवटचे दिवस होते. खांद्यावर कावड, दोन बाजूंना समुद्राच्या पाण्याच्या बादल्या, आणि ते पाणी वाळूवर शिंपडायचं, ते असं की थेंबाथेंबानं सगळीकडे सारखं पडलं पाहिजे. भाऊंनी शिंपडलं की एकाच जागी थबकन् पडायचं. म्हातारा डोक्याला हात लावायचा. "मले म्हने, पानी फेकू नको, पानी उडव. आठ दिवस खांदे सोलले गुर्जी, तवा एक दिवस पानी उडालं. म्हातारा घरात गेला अन् माह्यासाठी गरम पान्याचं टाकं भरलं."

आणि ठेचा. निघताना वहिनींनी वाळल्या मिरच्यांचं गाठोडं दिलं होतं. महिनाभर बिनतिखट खाऊन जीव विटला, तेव्हा भाऊंनी लसूण मिळवला, त्या म्हाताऱ्याचंच मीठ घेतलं आणि दगडावर ठेचा वाटला. म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय? भाऊंनी बोटभर वाढला. म्हाताऱ्यानं तो सगळा एकदम तोंडात टाकला.

"मंग?" मी दर वेळी विचारायचो, कारण दर वेळी मला ते ऐकायचं असायचं.

"मंग काई नाई. बसला. लाल झाला. डोळ्यातून धारा. मंग उठला, दारात गेला, समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभा राह्यला. मले वाटलं, आता हा मले पुढच्या बोटीनं वापस धाडते. मंग येऊन बसला अन् वाटी पुढे केली. मी म्हनलो, 'अजून?' तो म्हने, 'हाय.' मी म्हनलो, 'हाव?' तो म्हने, 'हाय!' आपलं 'हाव', तेच त्याह्यचं 'हाय'. त्या दिवसापासून आमाले दुभाष्या नाई लागला."

पण भाऊ नोतोहून जे खरं घेऊन आले होते ते वेगळंच होतं. त्या गावी डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जमीन म्हणून नाही. लोकांनी उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती केली आहे, शेकड्यांनी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीला लाट लागते. "एका वाफ्यात मी रोपं मोजली," भाऊ सांगायचे. "नऊ. नऊ रोपांसाठी मानसानं धुरा घातला, गुर्जी! अन् आपन?"

आपण, म्हणजे गावामागचं टेकाड. गावाच्या मालकीचा तो चराऊ उतार. दर पावसाळ्यात तिथली माती नाल्यात उतरायची. भाऊंचा हिशेब साधा होता. उताराला दगड भरपूर आहेत. सगळ्या गावानं मिळून दगडी धुरे, म्हणजे बांध, घालायचे, माती अडवायची, पायऱ्यांवर गवत, तूर, सीताफळ लावायचं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा आणि जिल्ह्याच्या जमीन-सुधारणेच्या साहेबांची मंजुरी. ठराव अडला होता तो एकाच जागी. सरपंच तात्या म्हणायचे, "थो म्हनते तसं गाव जगात असन तं करू ना. पन हाय का? थो स्वतःच म्हनते, मी नोतो!"

तेव्हा मी भाऊंना म्हणालो, "आपण लिहू. जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापून आणू. छापलं की गाव मानेल."

माझा हेतू चांगला होता. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आहे, म्हणून इथे एकदाच लिहून पुढे जातो.

पाच-सहा संध्याकाळी भाऊ ओसरीवर बसून सांगत गेले आणि मी टिपणं घेतली. मग शनिवार-रविवार खोलीचं दार लावून मी लेख लिहिला. टेंबरं काढलं, ते गावंढळ वाटलं. ठेचा काढला. मेलेला उंदीर काढला. नोतो हे नाव तर पहिल्या झटक्यात काढलं. तेच तर हशाचं कारण होतं. त्याऐवजी लिहिलं, 'पूर्वेकडील एका रमणीय सागरतीरी'. पण एवढं काढल्यावर लेखात जपान उरेना. माझ्या खोलीत भिंतीवर कुठल्याशा छापखान्याचं कॅलेंडर होतं. त्यावर फुजी पर्वत होता, बर्फाचा, आणि पुढे गुलाबी फुलांनी लगडलेली चेरीची फांदी. मी त्या चित्राकडे पाहिलं आणि लिहिलं : 'गुलाबी पुष्पभाराने लवलेल्या वृक्षराजीतून फुजीचे हिमधवल शिखर मला प्रतिदिनी खुणावत असे.' वाक्य इतकं छान जमलं, की त्याच्या आजूबाजूला मी आणखी चार तशीच लिहिली. नाव भाऊंचं दिलं. मथळा होता 'उगवत्या सूर्याच्या सान्निध्यात'.

पाठवण्याआधी भाऊंना वाचून दाखवला. मी रंगात येऊन वाचत होतो. फुजीच्या वाक्यावर थोडा थांबलोही. वाचून झाल्यावर भाऊंनी कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "लय शुद्ध झालं, गुर्जी."

मी ती शाबासकी समजलो.

लेख छापून आला, आणि पहिले काही दिवस तो लागूही पडला. तात्यांनी तो चावडीत मोठ्यानं वाचून घेतला. हसणारे जरा थंडावले. ठराव झाला. ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, जिल्ह्याहून साहेब आले. तरणेच होते, चांगले शिकलेले, बोलायला मृदू. चावडीत गाव जमलं. भाऊंनी टेकाडाचा नकाशा कोळशानं पुठ्ठ्यावर काढून आणला होता. साहेबांनी तो नीट पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले, मान डोलावली. मग खिशातून साप्ताहिकाचं कात्रण काढलं.

"तुमचा लेख मी वाचला. आवडला. तुम्ही जपानला कोणत्या महिन्यात गेला होता?"

"पोळा झाल्यावर निघालो साहेब. संक्रांतीच्या आत घरी."

"म्हणजे शरद आणि हिवाळा." साहेबांनी कात्रणावर बोट ठेवलं. "मग ही गुलाबी फुलं? ती तर तिकडे चैत्रात येतात. आठवडा-दोन आठवडे टिकतात."

साहेबांनी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.

"आणि फुजी. रोज दिसायचा म्हणता. ज्या समुद्राकाठी हे पायऱ्यांचं शेत आहे असं तुम्ही आता सांगितलंत, तो किनारा मला नकाशात ठाऊक आहे. तिथून फुजी कसा दिसेल? मध्ये सगळी डोंगरांची रांग आहे."

"नाई दिसत साहेब," भाऊ म्हणाले.

"पाहिलात का तुम्ही फुजी?"

"नाई पाह्यला."

"मग लिहिलं कसं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांच्या बाजूला, चटईवर बसलो होतो, शाळेचा मास्तर म्हणून मानानं पुढे बसवलेला. त्यांनी फक्त एकदा पाहिलं, जेवढ्यात डोळ्याची पापणी लवते तेवढंच. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लेहल्या गेलं साहेब."

लेहल्या गेलं. कोणी लेहलं, ते त्या वाक्यात नव्हतं. मी व्याकरण शिकवणारा माणूस. कर्ता लपवता येतो असा हा प्रयोग मी मुलांना फळ्यावर कितीदा तरी समजावला होता. त्या दिवशी त्यातली मोकळी जागा माझ्यासाठी ठेवली होती. मी तोंड उघडायचं, 'मी लिहिलं' म्हणायचं, एवढंच. मी चटईची काडी मोडत बसलो.

मागून कोणीतरी ओरडलं, "आता तरी सांग बे, होतो का नोतो?"

चावडी फुटली. साहेब हसले नाहीत. त्यांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवलं आणि तात्यांना म्हणाले, "पाहणीच जर अशी असेल तर मी शिफारस कशाच्या आधारावर करू?" पुठ्ठ्यावरचा नकाशा तिथेच राहिला. भाऊंनी तो उचलला, सदऱ्याच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली आणि घरी गेले.

मी त्यांना सांगायचं ठरवलं. उद्या सांगू म्हटलं. मग शाळा सुरू झाली. मग पाऊस. भाऊ माझ्याशी पहिल्यासारखेच वागत होते, सकाळी जपानची वेळ सांगत होते, वहिनी तशीच भाजी-भाकरी देत होत्या, आणि त्यांच्या तसं वागण्याचा मी फायदा घेतला. मनाशी म्हटलं, त्यांना एवढं काही लागलेलं दिसत नाही. असा एक पावसाळा गेला. मग दुसरा आला.

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. उघडीप झाली म्हणून मी नाल्याकडे फिरायला गेलो होतो. नाल्याचं पाणी चहासारखं तांबूस वाहत होतं. काठावर भाऊ उकिडवे बसून फावड्यानं गाळ ओढत होते, टोपलीत भरत होते. भरली की डोक्यावर घेऊन टेकाडाच्या पायथ्याच्या आपल्या पट्टीकडे जात होते. तिथे त्यांनी एकट्यानं तीन पायऱ्या बांधल्या होत्या. दगडात दगड बसवलेल्या, चुना नाही, काही नाही. वरून वाहून आलेली माती ते टोपली-टोपलीनं परत वर नेत होते.

मी विचारलं, "भाऊ, किती दिवस हे?"

"दोन पावसाळे."

तिथे, चिखलात उभा राहून मी सांगितलं. फुजी मी लिहिला, फुलं मी लिहिली, सभेत मी गप्प बसलो.

भाऊंनी टोपली खाली ठेवली. "ते मले माहीत हाय ना गुर्जी. मी काय बहिरा हावो? तुमी वाचून दाखवलं तवाच ऐकलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं, की फुजी दिसत नाही?"

"मले वाटलं, छापाच्या कागदात असंच लागत असन." ते अगदी सरळ बोलत होते, टोमणा नव्हता त्यात. "आपन अर्ज करतो तं खाली काय लेहतो? 'आपला आज्ञाधारक सेवक.' आपन कोनाचे सेवक हावो? कोनाचेच नाई. पन अर्जात लेहाव लागते. तसं मले वाटलं, जपान म्हनलं का फुजी लेहाव लागत असन. शिकेल मानूस लेहून राह्यला, आपन काऊन मधात बोलावं?"

अडाणी समजून ज्याची भाषा मी धुऊन काढली, त्यानं माझ्या खोटेपणाला चांगल्या शिक्षणाची रीत समजून मान दिला होता.

"मी गावाला सांगतो," मी म्हणालो.

"सांगा." त्यांनी टोपली उचलली. "पन ही एक भरू लागा आधी."

पुढच्याच ग्रामसभेत मी उभा राहिलो. सगळं सांगितलं : कॅलेंडर, चेरी, फुजी, नोतो हे नाव का काढलं ते. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझं संपल्यावर तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुर्जी, घरमालकाले सांभाळून घेनं चांगलंच असते. पन एवढं?"

"सांभाळून नाही घेत तात्या! खरंच मी लिहिलं!"

"बरं, बरं. वहिनीच्या हातची भाजी बोलून राह्यली," मागून आवाज आला.

पुन्हा हशा. दोन पावसाळ्यांपूर्वी जे एका वाक्यात खरं ठरलं असतं, ते आता अर्धा तास सांगूनही खोटं ठरलं. मी बसायला जागा शोधत होतो, तेवढ्यात भाऊ उठले. इतक्या वर्षांत त्यांनी हशा मध्येच तोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"ओ तात्या. गुर्जीचं सोडा. माहं पन सोडा. नोतो नसनच जगात, मी पन नसन गेलो. चला टेकाडावर."

"कायले?"

"पाहाले. तिथे जाले तं बोटीत बसाव नाई लागत ना?"

सात-आठ जण उठले, बहुतेक गंमत म्हणूनच. वाटेत थट्टा चालूच होती. पट्टीशी पोचल्यावर ती आपोआप बंद पडली. टेकाडावरून सगळीकडे पाण्यानं ओरबाडलेल्या घळी उतरत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याला त्या तीन पायऱ्या, सपाट, काळ्या ओल्या मातीनं भरलेल्या, वर गुडघाभर तूर. तात्या सगळ्यांत वयस्क. ते पहिल्या धुऱ्यावर चढले. एका पायानं दाबून पाहिलं. मग दोन्ही पायांनी उभं राहून, त्या वयात, चक्क उडी मारली. दगड हलला नाही.

"कोनं शिकवलं बे हे?" तात्यांनी विचारलं.

भाऊ फक्त हसले. तात्या खाली उतरले, मातीची मूठ घेतली, दाबली, सोडली. मग बाजूला पडलेला एक दगड दोन्ही हातांनी उचलून भाऊंना म्हणाले, "हा कुठं बसवू?"

साहेबांची मंजुरी शेवटपर्यंत आली नाही, आणि नंतर कोणी ती मागितलीही नाही. त्या हिवाळ्यात दर आठवड्याला एक दिवस, ज्याला जमेल तो, असं काम सुरू झालं. मीही जायचो. दगड बसवायला मला कधी नीट जमलं नाही. भाऊ मी बसवलेला दगड काढून परत बसवायचे. चार वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हा खालून अकरावी पायरी भरत आली होती.

भाऊ आता नाहीत. मागच्या वर्षी मी मुद्दाम गावी जाऊन आलो. वहिनी थकल्या आहेत, पण मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुपारी टेकाडावर गेलो. खालच्या निम्म्या उतारावर पायऱ्याच पायऱ्या आहेत, सीताफळीची रांग आहे, गवत कापणाऱ्या बायका होत्या. वरच्या निम्म्यावर काही नाही. नुसता उघडा काळा खडक, वरपासून मध्यापर्यंत. काम वर सरकत तिथे पोचलं तेव्हा अडवायला माती उरली नव्हती. मी गप्प राहिलो त्या दोन पावसाळ्यांत ती उतरून गेली होती.

बरोबर आलेला तरुण सरपंच अभिमानानं सगळं दाखवत होता. मी वर बोट केलं, तर म्हणाला, "तो खडक हाय गुर्जी. तिथे काईच येत नाई. पहिल्यापासून तसाच हाय तो."

मी तिथेच थांबलो आणि त्याला म्हणालो, "नाही. मी या गावात आलो तेव्हा तिथे माती होती."